आण्णांचा डावा खांदा

होळी जवळ आली की आमच्या घरात सगळे वर बघत बोलायचे. आई भाकरी थापता थापता दारातून दिसेल तेवढं आभाळ बघे. आण्णा, म्हणजे माझे वडील, धार काढून उठले की आधी पश्चिमेकडे बघत आणि मग बादलीत. आत्या तर ताटावर बसली तरी ‘भाईर काय दिसतंय?’ असं विचारून मगच पहिला घास घेई. ह्याचं कारण गहू. वर्षभराचं खाणं शेतात पिवळं होऊन उभं असायचं, आणि नेमकं त्याच दिवसांत आमच्या गावच्या, निरगुडसरच्या आभाळाला काहीतरी आठवायचं. दुपारी ऊन चटके देई, संध्याकाळी उगाच गार वारा सुटे, आणि डोंगराच्या बाजूला एखादा काळा ढग येऊन पाहुण्यासारखा बसून राही. तो आला की आई चुलीपाशी गप्प होई. आत्या मात्र गप्प बसणारी बाई नव्हती. ती त्या ढगाला नाव घेऊन शिव्या देई, आणि नाव ती आमच्या भाऊबंदांपैकीच कुणाचं तरी घेई.

तसे ते दिवस खाण्याच्या बाबतीत वर्षातले सगळ्यात चांगले. हुरडा संपलेला असे, पण हरभरा घाटे धरून उभा असे. आम्ही बांधावर काटक्या पेटवून त्यात हरभऱ्याचे डहाळे टाकायचो आणि काळ्या तोंडाने घरी यायचो. आई ओल्या हरभऱ्याच्या सोलाण्याची आमटी करी, तिला हिरवी मिरची आणि लसूण इतका लावी की आण्णांचं टक्कल घामाने चमकू लागे. दाराशी आंबा होता, त्याच्या मोहोराचा वास पहाटे घरभर येई. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेला असे, त्याचा आंबूस वासही त्यात मिसळलेला. आज कळंबला माझ्या घरी गॅसवर सगळं होतं, मिक्सर आहे, फ्रिज आहे. पण फाल्गुनात कुणाच्या घरावरून जाताना तो आंबूस वास आला की माझे पाय आपोआप हळू पडतात. नवरा म्हणतो, चल की, काय झालं. मी म्हणते, काही नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मी पायाळू. जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. आईला त्यात किती त्रास झाला हे कुणी सांगत नसे, पण गावाची सोय झाली हे सगळे सांगत. वाकताना पाठीत नाहीतर बरगडीत एकदम चमक भरते, तिला आमच्याकडे उसण म्हणतात. ती पायाळू माणसाचा पाय लागला की उतरते, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे सकाळी चूळ भरायच्या आत आमच्या ओट्यावर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. सोसायटीचे चेअरमन, किराणावाले, एकदा तर आमचे हेडमास्तरसुद्धा. वर्गात मला कोंबडा करणारे हेडमास्तर सदरा वर करून पालथे पडले आहेत आणि मी फ्रॉक सावरत त्यांच्या पाठीवर डावा पाय ठेवते आहे, हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. पाय ठेवायचा, जरा दाबायचा, आणि मग ज्याच्या पाठीवर ठेवला त्याला नमस्कार करायचा. तो माणूस उठून बसे, हात वर-खाली करून बघे आणि म्हणे, “बरं वाटलं बाय. लई हलकं वाटलं.” सगळे तेच म्हणत. न म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही.

ह्या मानाची दुसरी बाजू अशी की पायाळू माणसावर वीज लवकर पडते म्हणतात. म्हणून आभाळ गडगडलं की मला मधल्या घरात, धान्याच्या कणग्यांच्या मधे बसवून ठेवत. जवळ विळी नाही, उलथनं नाही, लोखंडाचं काही नाही. बाकीची पोरं पावसात नाचायची आणि मी अंधारात उंदरांशी गप्पा मारायची. आण्णा त्यावर हसत. पण आभाळ वाजलं की तेही दारात येऊन एकदा आत डोकावून जात, मी आहे ना जागेवर म्हणून.

त्या वर्षी शाळेत खेळाचे नवे सर आले. ते कुठून तरी कोल्हापूरकडचे. त्यांच्यासोबत एक मोठी बॅग आली. तिच्यात अॅल्युमिनियमची एक बॅट, पांढरे कातडी चेंडू, चामड्याचे मोठाले हातमोजे, पायांना पट्ट्यांनी बांधायचे पॅड आणि एक जाळीचा मुखवटा. खेळाचं नाव बेसबॉल. गावात कुणी हा शब्दही ऐकला नव्हता. दूध घालायला आलेली माणसं डेअरीच्या कट्ट्यावरून बघत आणि म्हणत, “स्टंपं कुठायत राव ह्यांची? चोरीला गेली का काय?” सरांना मुलींचा संघ करायचा होता. बॅट मारणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी एक मुलगी लागते, कॅचर. ती निवडायला सरांनी आम्हाला सगळ्यांना उकिडवं बसवलं आणि म्हणाले, जी शेवटपर्यंत बसेल ती. एकेक पोरगी हाश्श करून बुड टेकत गेली. मी भुईमुगाच्या शेंगा तोडताना, कांदा काढताना, चुलीपाशी, अशी सारी हयात उकिडवीच बसलेली. मला ते बसणं वाटलंच नाही. सर म्हणाले, “झालं. मुखवटा हिला द्या.”

घरी हे कळल्यावर आत्याने कपाळ बडवून घेतलं. आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आमच्या घराचा कारभारच तिने हाती घेतला. “पोरीची जात, आन् टांगा पसरून बसायचं? वर तोंडाला मुसकं! बैलावानी!” ती म्हणाली. आण्णा ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी विचारलं, “चेंडू किती लांबून येतो?” मी अंदाजाने दाखवलं. ते म्हणाले, “आन् आपण टाकला तर चालंल का?” 

आण्णा डावखुरे. लहानपणी मार खाऊन ते उजव्या हाताने जेवायला आणि सही करायला शिकले, पण ढेकूळ भिरकवायचं, विळा चालवायचा, बैलाला चुचकारायचं ते डाव्यानेच. सर मला चेंडू आणि मोजा घरी नेऊ देत. संध्याकाळी धारा आटोपल्या की आण्णा खळ्याच्या त्या टोकाला उभे राहत, मी ह्या टोकाला कडब्याच्या गंजीला पाठ लावून बसे. चुकलेला चेंडू गंजीत अडकावा म्हणून. आण्णांनी धोतराचा सोगा खोचायचा, एक पाय पुढे टाकायचा आणि चेंडू सोडायचा. डाव्या हाताचा म्हणून तो जरा वळून येई. मोज्यात बसला की फट्ट आवाज होई आणि गोठ्यातली म्हैस मान वळवून बघे. आण्णा बोलणारे गृहस्थ नव्हते. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे ‘व्हय’ आणि ‘न्हाई’. पण त्या संध्याकाळी चेंडू जायचा, यायचा, जायचा, आणि मला वाटायचं की आम्ही खूप बोलतो आहोत. माझ्या आयुष्यात वडील मला मिळाले ते त्या खळ्यावर, आणि फार थोडे दिवस मिळाले. 

जुन्नरला सामने ठरले. आदल्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं. आमचा गहू नेमका कापून शेतात आडवा पडलेला. गारा आल्या असत्या तर ओंब्या चिखलात गेल्या असत्या. आण्णा, आई, आत्या आणि आमची शेती वाट्याने करणारं एक जोडपं, सगळे पेंढ्या बांधत आणि डोक्यावर घेऊन खळ्यावर आणत पळत होते. मला येऊ दिलं नाही. वीज चमकत होती, आणि मी पायाळू. मी कणग्यांच्या मधे बसून फक्त आवाज ऐकत होते. पावलं, आईचं ‘ताडपत्री ओढा, ताडपत्री’, आत्याच्या शिव्या, आणि मधेच आण्णांचं खोकणं. ते खोकणं नेहमीचं नव्हतं, पण बाहेर एवढी धांदल होती की त्याकडे लक्ष कोण देणार. शेवटी पाऊस आलाच नाही. चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास सुटला आणि ढग तसाच पुढे निघून गेला. घरात गहू आला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

आण्णा ओट्यावर बसले ते भिंतीला टेकून. सदरा घामाने चिंब झाला होता, आणि बाहेर तर गार वारा. उजव्या हाताने डावा खांदा दाबत होते. आईने विचारलं तर म्हणाले, “खांदा भरलाय. पार हातापातुर कळ जाती.”

“भरंल न्हाई तर काय,” आत्या म्हणाली. “रोज त्यो चेंडू फेकायचा. ल्हान हाईस का आता? आन् वर आज पेंढ्या वाहिल्यास.”

आईने त्यांचा ओला सदरा चाचपला. मग म्हणाली, “मंचरला जाऊन दाखवून यायचं का? दूधवाल्याची गाडी आजून गेली न्हाई.”

आण्णांनी खळ्याकडे पाहिलं. पेंढ्यांवर ताडपत्री अर्धीच बांधलेली होती. आणि आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. “घरात पायाळू पोर असताना दवाखाना कशाला गं? समदं गाव हितं येऊन बरं व्हतंय. मंदे, ये हिकडं.”

आजवर मी गावभर पाय लावत फिरले होते, पण आण्णांना कधी लावला नव्हता. त्यांना कधी काही दुखलंच नव्हतं. चुकून वडलांना पाय लागला तर आम्ही तीन-तीनदा पाया पडायचो, आणि इथे तर मुद्दाम ठेवायचा होता. मी जागची हलले नाही. आण्णाच म्हणाले, “लाव की. मी काय परका हाय?” आणि हळूच पालथे झाले. मी डावा पाय त्यांच्या डाव्या खांद्याखाली ठेवला. सदरा ओला, गार. आतून धडधड लागत होती. भीत भीत मी दाबलं. मग खाली वाकून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. तळव्यांना गव्हाचं कुसळ चिकटलं होतं ते मी काढलं.

आण्णा उठून बसले. हात वर-खाली करून पाहिला नाही त्यांनी. पण हसले. “बरं वाटलं,” म्हणाले. “लई हलकं वाटलं. उद्या जीप किती वाजता येनार हाय गं तुजी?”

मी म्हटलं, तुम्हाला बरं नसेल तर मी नाही जात. ते म्हणाले, “येडी का काय. तू न्हाई गेलीस तर मागं बसनार कोण?” सरांचं वाक्य होतं ते, मीच घरी येऊन कधीतरी सांगितलेलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आत्याने माझी दृष्ट काढली. आईने मात्र रात्रीची भाकरी आण्णांच्या ताटात तशीच राहिलेली पाहिली आणि म्हशीला घातली.

सकाळ अगदी स्वच्छ उगवली. आईने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला. जीप आली ती आधीच पोरींनी भरलेली. आण्णा रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि बाभळीला हात टेकून उभे राहिले. चेहरा जरा ओढलेला होता. मी जीपच्या मागच्या फळकुटावर बसले, म्हणून मला ते शेवटपर्यंत दिसत होते. त्यांनी हात हलवला तो उजवा. डावा अंगाशी धरला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण मुखवटा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यात जुन्नर होतं. कळंब, नारायणगाव, आम्ही गाणी म्हणत गेलो.

सामना मला फारसा आठवत नाही, आणि जो आठवतो तो कुणाला सांगावासा वाटत नाही. शिवनेरी किल्ला समोर दिसत होता. मैदानात चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या. पॅड, मुखवटा, मोजा चढवून मी जागेवर बसले होते आणि चेंडू एकही निसटू देत नव्हते. मधेच मोटारसायकलवरून आमच्या गावचा एक माणूस आला आणि सरांशी बोलू लागला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर करून खेळ थांबवला आणि स्वतः चालत माझ्यापर्यंत आले. माझा मुखवटा त्यांनीच काढला. म्हणाले, “मंदा, गाडीवर बस. आण्णांना जरा बरं नाही.” मोठी माणसं जरा म्हणतात तेव्हा ते जरा नसतं, एवढं त्या वयातही कळतं. वाटभर वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यानेच येतं आहे असं मी स्वतःला बजावत होते.

खळ्यावर माणसं डोक्याला टॉवेल बांधून उकिडवी बसली होती. गव्हाच्या पेंढ्या एका बाजूला सारून मधे जागा केली होती, आणि तिथे आण्णा. आईचा आवाज बसला होता. आत्या भिंतीकडे तोंड करून होती. मी पाया पडायला गेले तर मला वाकताच येईना, कारण पायांना अजून पॅड बांधलेले होते, मांडीपर्यंत. बायकांना ते काय आहे कळेना आणि त्याचे पट्टे कुणाला सुटेनात. शेवटी आत्या उठली. तिने खाली बसून दातांनी ओढून एकेक पट्टा सोडवला.  

दहाव्याला पुण्याहून चुलतभाऊ आला. शिकलेला, औषध कंपनीत कामाला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की डावा हात दुखतो, घाम येतो, म्हणजे हार्टच, एवढं साधं कुणाला कळू नये?  मला त्याचा असा राग आला की अजून गेला नाही. आमच्या घरातल्या डावखुऱ्या माणसाचा डावा हात दुखला. तो रोज त्याच हाताने चेंडू टाकत होता, त्याच दिवशी त्याने त्याच खांद्यावर गहू वाहिला होता. आम्हाला जे दिसत होतं त्यावरून आम्ही समजलो. पुण्यात बसून मागाहून कळायला काय लागतं?

पण त्या दिवसानंतर आमच्या ओट्यावर कुणी पालथं पडलं नाही. चैत्रात शेजारचे बाबुराव कंबर धरून आले. मी दारात होते. मी काही म्हणायच्या आत आत्या बाहेर आली आणि म्हणाली, “न्हाई बाबुराव. मंचरला जावा. आजच्या आज जावा.” ते म्हणाले, आवं, नुसती उसण हाय. आत्या म्हणाली, “आमालाबी तसंच वाटलं व्हतं.” एवढंच. ती वारेपर्यंत ह्या गोष्टीवर मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे एकच वाक्य. घराचा कारभार तिने त्याच महिन्यात आईच्या हाती दिला आणि मग ती कुणाला शिव्याही देईनाशी झाली. ढग आला तर नुसती बघत बसे. आत्याला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. तिने तो स्वतःलाच इतका दिला होता की आमच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

शाळेत मी पुन्हा कॅचर म्हणून बसले. सरांनी फार समजावलं, आणि आईनेही ‘जा’ म्हटलं. दोन वर्षं खेळले, बरं खेळले. संध्याकाळी मात्र घरी चेंडू आणला नाही.

मला एकच गोष्ट छळत राहिली. आण्णा ‘बरं वाटलं’ म्हणाले ते खरं की खोटं? खरं असेल तर देवानेच आम्हाला फसवलं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणि खोटं असेल तर ते माझ्यासाठी बोललेलं खोटं होतं, मी जुन्नरला जावं म्हणून. लग्न झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, तरी हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आईला विचारायचं धाडस मला कित्येक वर्षं झालं नाही. मागच्या शिमग्याला ती माझ्याकडे कळंबला राहायला आली होती. आम्ही दोघी दारात बसून लसूण सोलत होतो. ऊन उतरलं होतं, वारा गार सुटला होता. मी मान खाली घालूनच विचारलं, “आई, त्या दिवशी माझ्या पायानं आण्णांना खरंच बरं वाटलं होतं का गं?”

तिने सोललेली पाकळी ताटात टाकली.  

“तू गेलीस,” ती म्हणाली, “आन् त्ये बाबळीपाशी उबेच. तोंडाचा रंग पार उतरलेला. मी म्हनलं, बसा की आता. तर मला म्हनले, जीप गेली का वळणाच्या पल्याड? मी टाचा उचलून बगितलं. म्हनलं, गेली. म्हनले, नक्की गेली का? म्हनलं, व्हय, नक्की गेली. मंग बसले. बसले त्ये बसलेच.”